दोन शाळामास्तर, दोन कोश

संस्कृत शब्द अडला की महाराष्ट्रातले शिक्षक म्हणतात, "आपट्यांत बघा." 'आपटे' हे आता माणसाचे नाव उरलेले नाही, ते पुस्तकाचे नाव झाले आहे. कोशकाराला याहून मोठा मान कोणता मिळणार? पण या मानात एक तोटाही आहे. पुस्तक रोज उघडले जाते आणि ते करणारा माणूस, त्याचा हेतू, त्याची निवड, त्याच्या मर्यादा यांचा विचार कुणी करत नाही. कोश म्हणजे जणू विहीर. पाणी काढायचे आणि निघायचे.

विज्ञानाच्या मासिकात संस्कृत कोशाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. काम आहे. कोश हे पुराव्यावर उभे केलेले काम असते. नमुना कसा निवडला, नोंदी कशा केल्या, कोणता अर्थ कशाच्या आधारावर दिला, हे प्रश्न वनस्पतींचा संग्रह करणाऱ्याला आणि शब्दांचा संग्रह करणाऱ्याला सारखेच विचारता येतात. शिवाय वामन शिवराम आपटे हे मुळात शाळेचे मास्तर होते, आणि त्यांच्याशी तुलना करण्याजोगा जो दुसरा संस्कृत कोशकार आहे, तो जर्मनीतल्या शाळेत गणित शिकवीत असे. त्याचे नाव हेर्मान ग्रासमान. भौतिकशास्त्राच्या पदवी वर्गात सदिशांचे बीजगणित शिकलेल्यांनी हे नाव ऐकले असेल. ऋग्वेदाचा अभ्यास करणाऱ्यांनी तर नक्कीच. दोन्हीकडचा ग्रासमान एकच, हे मात्र दोघांपैकी अनेकांना ठाऊक नसते.

आधी आपट्यांकडे जाऊ. त्यांचा जन्म १८५८ चा, सावंतवाडी संस्थानात बांद्याजवळच्या एका खेड्यातला. वडील लवकर गेले आणि कुटुंब कोल्हापुरास आले. तेथील हायस्कुलाचे मुख्याध्यापक महादेव मोरेश्वर कुंटे यांच्या नजरेत हा मुलगा भरला. कुंटे स्वतः संस्कृतज्ञ आणि कवी. हुशार गरीब मुलाला ओळखणे आणि पुढे ढकलणे ही त्या काळच्या चांगल्या हेडमास्तरांची एक वेगळीच कला होती. १८७३ साली आपटे मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे पुण्याचे डेक्कन कॉलेज, १८७७ ला बी.ए. आणि १८७९ ला एम.ए.

त्या वर्षांत डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते फ्रान्त्स कीलहॉर्न. हे जर्मन विद्वान पुण्यात १८६६ मध्ये आले आणि १८८१ पर्यंत राहिले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती आजही प्रमाण मानली जाते. पुण्यास येण्याआधी ते ऑक्सफर्डमध्ये मोनियर विल्यम्स यांच्या कोशकार्यात हातभार लावीत होते. म्हणजे जर्मन पद्धतीची शिस्त आपट्यांना पुस्तकांतून नव्हे, वर्गातच पाहायला मिळाली. हस्तलिखिते ताडून पाहणे, संदर्भ नेमका देणे, वचनाचे स्थान सांगितल्याशिवाय ते न वापरणे, ही ती शिस्त. पुण्यातल्या शास्त्र्यांची पाठांतराची परंपरा दुसऱ्या बाजूला होतीच. आपट्यांचे सगळे लेखन या दोन परंपरांच्या सांध्यावर उभे आहे असे मला वाटते.

एम.ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी सहज मिळाली असती. आपटे गेले नव्या, खासगी, पैशांची सदा ओढाताण असलेल्या शाळेत. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, त्याला आपटे पहिल्याच वर्षी येऊन मिळाले. शाळेचा दैनंदिन कारभार लवकरच त्यांच्याकडे आला. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले आणि आपटे त्याचे पहिले प्राचार्य झाले. ९ ऑगस्ट १८९२ रोजी ते वारले तेव्हा त्यांचे वय होते ३४.

आता या चरित्राचे मराठीत काय झाले ते पाहा. टिळक आणि आगरकर यांच्या कथेत आपटे हे एक दुय्यम पात्र म्हणून येतात. त्यागी, कडक, शिस्तीचे, अकाली गेलेले. त्यागाचे कौतुक करून झाले की लेखक पुढे सरकतो. त्यांनी काय लिहिले आणि ते कसे आहे, हा प्रश्न राहून जातो. शिक्षकांविषयी आपल्याकडे नेहमीच असे होते. त्यांच्या साधेपणावर भाषणे होतात, त्यांच्या कामाचे परीक्षण होत नाही. परीक्षण न करणे हाही एक अनादरच.

तेव्हा पुस्तकांकडे वळू. १८८१ साली, वयाच्या तेविशीत, शाळेत वर्ग घेत असताना आपट्यांनी 'द स्टुडंट्स गाइड टु संस्कृत कॉम्पोझिशन' प्रसिद्ध केले. १८८४ साली इंग्रजी-संस्कृत कोश आला. १८८६ साली नाटककार राजशेखर याच्यावर एक छोटा प्रबंध, आणि १८९० साली हजारावर पानांचा 'प्रॅक्टिकल संस्कृत-इंग्लिश डिक्शनरी'. मधल्या काळात शालेय वेचे आणि अभ्यासमाला निघाल्या त्या वेगळ्याच. दहा वर्षांतले हे काम, आणि तेही शाळा, कॉलेज आणि संस्थेतले वाद सांभाळून.

'गाइड' या शब्दाला आज वाईट वास लागला आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकायचे ते गाइड. आपट्यांचे गाइड त्या जातीचे नाही. तोवर संस्कृत व्याकरणाची पुस्तके रूपांवर भर देत : शब्दरूपे, धातुरूपे, संधी, समास. रूपे पाठ झाली तरी वाक्य जुळत नाही, हा अनुभव संस्कृत शिकवणाऱ्या प्रत्येकाला आहे. आपट्यांनी वाक्यरचनेवर पुस्तक लिहिले. कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ कसा, कोणत्या क्रियापदाबरोबर कोणती विभक्ती, कृदन्ते कधी वापरायची, 'अपि', 'नाम', 'किल' असल्या अव्ययांच्या छटा कोणत्या. प्रत्येक पाठात आधी नियम, मग कालिदास, भवभूती, बाण इत्यादींची प्रत्यक्ष वाक्ये, मग सरावासाठी वाक्ये, मग भाषांतरासाठी इंग्रजी वाक्ये. नियम आधी सांगितला असला तरी तो आला आहे उदाहरणांतून, आणि उदाहरणे ग्रंथांतून. मास्तरांनी टेबलावर बसून घडवलेली 'राम फळ खातो' छापाची वाक्ये येथे नियमाचा आधार नाहीत. विज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर निरीक्षणे खरी आहेत.

या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. उत्तरार्धात वाक्यांचे पृथक्करण येते : साधे वाक्य, मिश्र वाक्य, संयुक्त वाक्य, उद्देश्य आणि विधेय. हा साचा इंग्रजी शाळांच्या व्याकरणातला. संस्कृतच्या स्वतःच्या परंपरेत वाक्याकडे पाहण्याची कारकांची दृष्टी होती, तीत क्रिया मध्यभागी असते आणि बाकी सारे तिच्याभोवती उभे राहते. आपट्यांना ती उत्तम माहीत होती. विभक्तींच्या पाठांत ती दिसतेही. पण पृथक्करणाच्या भागात त्यांनी विद्यार्थ्याच्या हाती इंग्रजी काटा दिला. कारण उघड आहे : विद्यार्थी इंग्रजी माध्यमातून शिकत होता, तो काटा त्याच्या ओळखीचा होता. शिक्षक म्हणून हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या तीन-चार पिढ्या संस्कृत वाक्याकडे इंग्रजी खिडकीतून पाहू लागल्या, आणि मराठी व्याकरणाच्या पुस्तकांतही तीच खिडकी बसली.

कोशाचा विचार करताना आधी हे लक्षात घ्यावे, की १८९० साली संस्कृत कोशांचा दुष्काळ नव्हता. राधाकांत देव यांचा शब्दकल्पद्रुम होता, तारानाथ तर्कवाचस्पतींचे वाचस्पत्यम् होते. दोन्ही संस्कृतातून संस्कृत. सेंट पीटर्सबर्गचा ब्योटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा जर्मन कोश १८५५ ते १८७५ या काळात पूर्ण झाला होता, आणि मोनियर विल्यम्स यांच्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८७२ ची. मग आपट्यांनी आणखी एक कशाला केला? उत्तर त्यांनी नावातच दिले आहे : 'प्रॅक्टिकल', म्हणजे वापरण्याजोगा.

हे नुसते नाव नाही. पीटर्सबर्ग कोशात उपसर्ग लागलेले क्रियापद मूळ धातूखाली शोधावे लागते. 'अवगम्' हवा असेल तर 'गम्' उघडा, मग उपसर्गांच्या रांगेत उभे राहा. ज्याला 'अवगच्छति' या रूपातला धातू ओळखता येतो त्याला हे जमते. ज्याला ते येत नाही, त्यालाच तर कोशाची गरज असते! आपट्यांकडे 'अवगम्' त्याच्या जागी, 'अ'मध्ये सापडतो. मोनियर विल्यम्स अर्थांची माळ स्वल्पविरामांनी ओवत जातात. आपटे अर्थांना क्रमांक देतात : १, २, ३, आणि अनेक अर्थांपुढे रघुवंश, शाकुंतल, उत्तररामचरित इत्यादींतले अवतरण, बहुधा सर्ग आणि श्लोकांकासह. मुलाला वाक्यात कोणता अर्थ लागू पडतो ते निवडायचे असते, आणि निवडीसाठी पर्याय वेगवेगळे दिसले पाहिजेत. फळ्यावर रोज लिहिणाऱ्या माणसालाच हे सुचावे.

"आपट्यांनी आधीच्या कोशांतून घेतले" असा आक्षेप कधीमधी ऐकू येतो. घेतलेच. आधीच्या कोशांतून न घेणारा कोशकार मला दाखवा. प्रश्न असतो भर काय घातली हा. अभिजात काव्य-नाटकांतली अवतरणे, आणि न्याय, वेदान्त, अलंकार, व्याकरण, नाट्य यांतल्या पारिभाषिक शब्दांचे संस्कृत ग्रंथांच्या आधाराने दिलेले स्पष्टीकरण, ही आपट्यांची भर आहे. शेवटी जोडलेली परिशिष्टे तर शिक्षकांनी मुद्दाम पाहावीत. त्यांतले छंदांविषयीचे परिशिष्ट गणिताच्या तासालाही चालेल. लघु आणि गुरू या दोनच मात्रांपासून तीन अक्षरांचे गण करायचे, म्हणजे दोनाचा तिसरा घात, आठ गण. चरणात जितकी अक्षरे जास्त, तितकी शक्य वृत्ते दुपटीने वाढत जातात, आणि कवींनी त्यांतली अगदी थोडी वापरली आहेत. दहावीच्या मुलांना शक्यतेचे गणित सांगायला यापेक्षा घरचे उदाहरण मिळणे कठीण.

आता मर्यादा. आपट्यांनी वैदिक शब्दसंपत्ती बहुतांशी बाजूला ठेवली. कॉलेजातल्या मुलाला कालिदास वाचायचा असतो, म्हणून त्याच्या सोयीचा कोश, ही त्यामागची भूमिका. भूमिका मान्य, पण याचा अर्थ हा कोश संस्कृतचा नव्हे, संस्कृत साहित्याच्या एका भागाचा आहे, आणि त्याचा उपयोग करणाऱ्याने ते विसरता कामा नये. दुसरी उणीव आपल्याला जवळची. दहिसरच्या आमच्या नववीच्या वर्गात भूमितीतला 'कर्ण' कानाशी कसा जोडला गेला, असा प्रश्न एका मुलीने विचारला, तेव्हा आम्ही आपटे उघडले. कान आहे, नावेचे सुकाणू आहे, महाभारतातला कर्ण आहे, आणि काटकोन त्रिकोणाची मोठी बाजूही आहे. मग मुलांना छंदच लागला. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी, आणि वर्तुळाच्या कंसाची जीवा. 'कोटि' म्हणजे धनुष्याचे टोक, संख्या, आणि त्रिकोणाची उभी बाजू. 'घन', 'वर्ग', 'मूल' यांचे गणिती अर्थही मिळाले. धनुष्य, त्याची दोरी आणि त्याचे टोक हे चित्र डोळ्यांपुढे आले की ज्या आणि कोटिज्या या शब्दांची भीती जाते. हीच 'ज्या', म्हणजे 'जीवा', अरबीत 'जीबा' झाली, ती चुकून 'जैब' म्हणजे वस्त्राची घडी अशी वाचली गेली, तिचे लॅटिन भाषांतर 'सायनस' झाले, आणि आपण तिला आज 'साइन' म्हणून परत शिकवतो, ही कथा तेव्हा सांगायलाच हवी.

पण बारकाईने पाहिले की एक गोष्ट खटकते. काव्यातल्या अर्थांना जशी अवतरणे आहेत तशी या गणिती अर्थांना सहसा नाहीत. अर्थ आहे, साक्षीदार नाही. आर्यभटाने हा शब्द कसा वापरला, भास्कराचार्यांनी कसा, हे आपट्यांवरून कळत नाही. न्याय आणि अलंकार या शास्त्रांबाबत जी काळजी त्यांनी घेतली ती गणित, ज्योतिष आणि वैद्यक यांच्या वाट्याला आली नाही. याचा दोष एकट्या आपट्यांना देणे बरोबर नाही. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात संस्कृत म्हणजे काव्य, नाटक आणि थोडे दर्शन असेच ठरून गेले होते, आणि कोश अभ्यासक्रमामागून चालला. पण संस्कृतमध्ये विज्ञान किती आणि कसे होते, याविषयी आपल्याकडे दोन टोकांची बडबड ऐकू येते. एक म्हणतो सगळे होते, दुसरा म्हणतो काहीच नव्हते. दोघांनाही शब्दाचा पहिला साक्षीदार दाखवणारा सोपा कोश हाताशी नाही, हे या बडबडीचे एक कारण नक्कीच आहे.

याच ठिकाणी दुसरा मास्तर आठवतो. हेर्मान ग्रासमान १८०९ मध्ये प्रशियातल्या श्टेटीन या बंदराच्या शहरात जन्मले. हे शहर आता पोलंडमध्ये आहे. वडील तिथल्याच शाळेत गणित आणि भौतिकी शिकवीत. बर्लिन विद्यापीठात मुलगा शिकला धर्मशास्त्र आणि भाषा. गणित स्वतःच शिकला. बर्लिनमधले एखादे वर्ष सोडले तर सारे आयुष्य श्टेटीनच्या शाळांत गेले. १८४४ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी 'आउसडेनुंग्सलेर' म्हणजे विस्तारशास्त्र या नावाचा ग्रंथ काढला. आज ज्याला आपण सदिश अवकाश आणि रेषीय बीजगणित म्हणतो त्याच्या मूळ कल्पना त्यात आहेत. तो कुणी वाचला नाही. विद्यापीठात जागा मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला, तेव्हा गणिती कुमर यांनी, आशय चांगला पण मांडणी सदोष, असा अभिप्राय दिला आणि जागा गेली. पुढे प्रकाशकाने सुमारे ६०० प्रती रद्दीत काढल्या.

कुमर यांचा अभिप्राय अन्यायाचा होता असे सरसकट म्हटले जाते. तो ग्रंथ तत्त्वज्ञानाच्या जड भाषेत सुरू होतो, हे मात्र खरे आहे. वर्गात उत्तम शिकवणारा माणूस लिहिताना वाचक विसरू शकतो. आपट्यांच्या बाबतीत असे कधी झाले नाही. त्यांचा वाचक त्यांच्या समोर बाकावर बसलेला असे.

ग्रासमान चाळिशीच्या सुमारास संस्कृतकडे वळले. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली, १८६३ साली मांडलेला ध्वनिनियम. हा आपल्या वर्गात पडताळून पाहता येण्याजोगा आहे, म्हणून जरा थांबू. 'भू'चे द्वित्व केले तर 'भभूव' व्हायला हवे, होते 'बभूव'. 'धा'चे 'दधाति', 'भी'चे 'बिभेति'. एका पाठोपाठच्या दोन अक्षरांत दोन महाप्राण आले तर पहिल्याचा प्राण जातो. पाणिनीने द्वित्वासाठी हा नियम सांगितलेला आहेच. ग्रासमान यांनी पाहिले ते पुढचे. संस्कृतातल्या 'भ'च्या जागी इंग्रजीत 'ब' येतो : भ्रातृ आणि ब्रदर. 'ध'च्या जागी 'ड' : धा आणि डू. 'द'च्या जागी मात्र 'ट' : दश आणि टेन, दन्त आणि टूथ. मग 'बन्ध्' आणि इंग्रजी 'बाइंड' यांत दोन्हीकडे 'ब' कसा? 'दुहितृ' आणि 'डॉटर' यांत 'द'समोर 'ड' कसा? हे अपवाद विद्वानांना वर्षानुवर्षे छळत होते. ग्रासमान यांचा नियम लावला की कोडे सुटते. मूळ धातू 'भन्ध्' असा होता, पुढच्या 'ध'मुळे पहिल्याचा प्राण गेला. इंग्रजीने 'भ'चा 'ब' नेहमीप्रमाणे केला, संस्कृतने 'भ'चा 'ब' वेगळ्या कारणाने केला. 'दुह्'मध्येही 'ह' हा मुळात महाप्राण, म्हणून आधीचा 'ध' 'द' झाला. पुरावा हवा? 'दुह्'चे भविष्यकाळी रूप पाहा : 'धोक्ष्यति'. पुढच्या व्यंजनाचा प्राण जाताच पहिल्याचा परत आला! मुले ही रूपे पाठ करतात आणि "असेच आहे" म्हणून सोडून देतात. अपवाद म्हणजे नियमाचा पराभव नव्हे, दुसऱ्या नियमाची पाऊलखूण असू शकते, हे शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. एक धातुरूपावली पुरते.

दुसरी गोष्ट म्हणजे ऋग्वेदाचा कोश. तो १८७३ ते १८७५ या काळात निघाला, ग्रासमान तेव्हा साठी ओलांडून गेलेले. ऋग्वेदात १०२८ सूक्ते, साडेदहा हजारांच्या आसपास ऋचा. त्यातला प्रत्येक शब्द घेऊन, त्याची प्रत्येक विभक्ती आणि प्रत्येक क्रियारूप कुठे कुठे आले आहे, ते या कोशात नोंदले आहे. येथे निवड नाही, गणती आहे. म्हणूनच ऋग्वेदाचे अर्थ बदलत गेले, तरी ग्रासमान यांचा कोश जुना झाला नाही. त्यांनी केलेले ऋग्वेदाचे पद्य भाषांतर मात्र आज फारसे कुणी वाचत नाही. त्यात त्यांचे मत जास्त होते, आणि मते लवकर शिळी होतात. या ऋग्वेदकार्यासाठी ट्यूबिंगेन विद्यापीठाने १८७६ साली त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली, गणितासाठी नाही. दुसऱ्याच वर्षी ते गेले. क्लिफर्डने १८७८ मध्ये आणि पेआनोने १८८८ मध्ये त्यांचे गणित उचलले, तेव्हा पाहायला ते नव्हते.

दोन कोश शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो. एकाचे क्षेत्र बंदिस्त, एकच संहिता. म्हणून पूर्ण मोजणी शक्य. दुसऱ्याचे क्षेत्र दीड हजार वर्षांच्या वाङ्मयाचे. तिथे एकट्या माणसाने नमुनाच घ्यायचा. आपट्यांना ग्रासमान यांच्या मापाने मोजणे बरोबर नाही, आणि उलटही नाही. सगळे वाङ्मय ऐतिहासिक क्रमाने तपासायचे ठरवले तर काय होते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १८९० नंतर ५८ वर्षांनी, म्हणजे १९४८ मध्ये, ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथ तपासले गेले, एक कोटीच्या आसपास नोंदपत्रे तयार झाली. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला, आणि त्यानंतर अनेक भाग निघूनही कोश 'अ' या अक्षरातच रेंगाळला. हे हसण्यासारखे नाही, कामच तेवढे आहे. पण तोवर मुलांनी काय वापरायचे? आपटे.

एक प्रश्न मात्र मला सोडवत नाही. प्रशियात १८२४ पासून प्रत्येक माध्यमिक शाळेने वार्षिक अहवाल छापायचा आणि त्यात एका शिक्षकाचा अभ्यासपूर्ण निबंध द्यायचा असा नियम होता. त्यातले बरेच निबंध सामान्य असत. पण कार्ल वायरश्ट्रास हे ब्राउन्सबेर्गच्या शाळेत मास्तर असताना त्यांचा एक महत्त्वाचा गणिती निबंध अशाच शाळेच्या अहवालात १८४८-४९ साली छापला गेला. शाळेच्या अहवालात असे काही असेल याची अपेक्षा नसल्याने तो कुणाच्या नजरेस पडला नाही ही गोष्ट वेगळी. तरी शाळेने आपल्या शिक्षकाकडून विद्येची अपेक्षा धरली होती आणि ती छापण्याचा खर्च सोसला होता. आपट्यांकडून अशी अपेक्षा कुठल्या खात्याने केली नव्हती. राजशेखरावरचा त्यांचा १८८६ चा प्रबंध पाहावा. नाटकांतल्या अंतर्गत पुराव्यावरून एका कवीचे चरित्र उभे करण्याचा तो प्रयत्न आहे. राजशेखराचा काळ पुढे कनौजच्या महेंद्रपालाच्या शिलालेखांवरून दहाव्या शतकाच्या आरंभाचा ठरला. ते काम फ्लीट, कीलहॉर्न यांसारख्या शिलालेख वाचणाऱ्यांचे. पण शाळा आणि कॉलेज चालवणारा माणूस असला प्रबंध लिहू पाहत होता. त्यानंतर त्यांचे या जातीचे दुसरे पुस्तक नाही. कोशाने आणि प्राचार्यपदाने उरलेली वर्षे घेतली. आपण विद्यार्थ्यांसाठी एक उत्तम साधन मिळवले आणि एक संशोधक गमावला, असा माझा हिशोब आहे. तो चुकीचा वाटणाऱ्यांनी 'राजशेखर' आणि 'गाइड' दोन्ही वाचून मग वाद घालावा.

कोश मात्र वाढत राहिला. परशुराम कृष्ण गोडे आणि चिं. ग. कर्वे यांनी १९५७ ते १९५९ या काळात पुण्याच्या प्रसाद प्रकाशनातर्फे त्याची तीन खंडांची विस्तारित आवृत्ती काढली. तीत बरीच नवी भर पडली. विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या कोशाचे हिंदी रूपही निघाले. ज्यांना इंग्रजीच्या आडवळणाने जायचे नव्हते, त्यांच्यासाठी मराठीत ज. वि. ओक यांचा गीर्वाणलघुकोश झाला. संगणकाच्या काळात कोलोन विद्यापीठाने आपट्यांची १८९० ची आवृत्ती आणि ग्रासमान यांचा कोश हे दोन्ही एकाच संग्रहात शोधता येतील असे ठेवले. एकच शब्द दोन्हींत शोधून पाहावा. 'क्रतु' घ्या. आपट्यांकडे आधी यज्ञ भेटतो. ग्रासमान यांच्याकडे यज्ञाच्या आधी शक्ती, बुद्धी, संकल्प. शब्दाचा अर्थ दोन काळांमध्ये कसा सरकला ते दहा मिनिटांत दिसते. आमच्या वर्गाने यानंतर 'असुर' घेतला आणि तास संपला.